इस्लाम समजून घेण्याची सुरुवात कुठून करावी

एखादा धर्म समजून घ्यायचा म्हटले की आपला हात आधी त्याच्या ग्रंथाकडे जातो. मीही तेच केले होते. कुराणाचा अनुवाद मिळवून पहिल्या पानापासून वाचायला बसलो. सात आयतींची (वचनांची) पहिली सूरा, म्हणजे अध्याय, दोन मिनिटांत संपली आणि 286 आयतींच्या दुसऱ्या सूरेत मुसाची (मोझेसची) गाय, किब्ला म्हणजे नमाजाची दिशा, रोजे, हज, तलाक आणि कर्जाचा दस्तऐवज कसा लिहावा असे विषय एकामागून एक येऊ लागल्यावर वाचन जे अडले ते कित्येक महिने अडूनच राहिले. पुढे लक्षात आले की हा ग्रंथ ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्यांचा दिवस आधी पाहिला असता, तर त्या पानांवरचे निम्मे विषय ओळखीचे वाटले असते. म्हणून येथे सुचवलेला क्रम नेहमीच्या उलट आहे. आधी दिवस, मग वर्ष, मग ग्रंथ आणि त्यानंतर धर्मशास्त्र व पंथभेद.

सुरुवातीलाच एक वही घ्यावी आणि तिच्या पानावर तीन रकाने आखावेत. जी गोष्ट वाचनात किंवा ऐकण्यात येईल ती कुराणात आहे का, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) व धर्मशास्त्रकारांच्या विवेचनातून आली आहे का, की एखाद्या प्रदेशातील अथवा कुटुंबातील रीत आहे, हे पाहून ती योग्य रकान्यात लिहावी. हे वर्गीकरण पहिल्या फटक्यात चुकणारच, म्हणून पेन्सिलने लिहिलेले बरे.

दिवस

मुस्लिम दिवसाचा सांगाडा पाच नमाजांवर उभा असतो आणि त्या पाचही वेळा सूर्यावरून ठरतात. फजरची वेळ पूर्वेला उजाडू लागल्यापासून सूर्योदयापर्यंत असते, जुहरची सूर्य डोक्यावरून ढळल्यावर सुरू होते, असरची दुपार उतरल्यावर, मगरिबची सूर्यास्त होताच आणि इशाची संधिप्रकाश पूर्ण मावळल्यावर. आज या वेळा ॲपवर मिळतात, तरीही एकदा मोकळ्या जागी काठी रोवून सावली पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. माध्यान्हीच्या सर्वांत आखूड सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि थांबावे. त्या सावलीत काठीच्या उंचीइतकी भर पडली की बहुतेक धर्मशास्त्रकारांच्या मते असरची वेळ सुरू होते; हनफी या सुन्नी धर्मशास्त्रीय परंपरेतील प्रचलित मतानुसार मात्र उंचीच्या दुप्पट भर पडावी लागते. एकाच शहरातील दोन मशिदींच्या वेळापत्रकांत असरची वेळ वेगळी का छापलेली असते, हे या काठीमुळे समजते. त्याचबरोबर मतभेद म्हणजे फाटाफूट नव्हे, हेही तेव्हाच ध्यानात येते, कारण त्या दोन्ही मशिदींतील लोक सहसा एकमेकांचा नमाज ग्राह्यच मानतात. शिया मुस्लिम जुहर आणि असर तसेच मगरिब आणि इशा हे नमाज जोडून अदा करू शकतात. त्यामुळे एखादी व्यक्ती दिवसातून तीन वेळाच नमाजासाठी उठताना दिसली, तर तिने दोन नमाज सोडले असा निष्कर्ष काढू नये.

नमाजापूर्वीचा वजू जवळून पाहण्यासारखा असतो. मनाशी हेतू धरून, म्हणजेच नियत करून, आधी मनगटापर्यंत हात धुतले जातात, चूळ भरली जाते, नाकात पाणी घेऊन ते स्वच्छ केले जाते. मग कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत चेहरा, त्यानंतर आधी उजवा व मग डावा हात कोपरापर्यंत, ओल्या हातांनी डोक्यावरून एकदा फिरवणे, ज्याला मसह म्हणतात, आणि शेवटी पाय घोट्यांपर्यंत. या साऱ्याला जेमतेम दोन मिनिटे लागतात. आता कुराणाच्या पाचव्या सूरेतील सहावी आयत काढून पाहावी. तेथे चेहरा, कोपरापर्यंतचे हात, डोके आणि घोट्यांपर्यंतचे पाय एवढ्याच चार गोष्टी सापडतात. चूळ, नाक, तीनतीनदा धुणे हे सारे महंमद पैगंबरांच्या आचरणाच्या नोंदींतून आले आहे. त्याच आयतीतील पायांविषयीच्या शब्दांचे व्याकरण सुन्नी आणि शिया वेगवेगळ्या रीतीने लावतात, म्हणून सुन्नी पाय धुतात आणि शिया पायांवर ओला हात फिरवतात. पाणी मिळत नसेल किंवा आजारामुळे ते वापरता येत नसेल, तर स्वच्छ मातीने तयम्मुम करावे, ही सवलतही त्याच आयतीत आहे. वहीचे तीन रकाने कसे वापरायचे याचा सराव करायला दोन मिनिटांच्या या कृतीइतके चांगले उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही.

नमाज रकातींमध्ये मोजला जातो. उभे राहून ‘अल्लाहु अकबर’ म्हणत हात उचलणे, फातिहा ही पहिली सूरा व तिच्या जोडीला कुराणातील आणखी काही भाग म्हणणे, कमरेत वाकून रुकू करणे, पुन्हा ताठ उभे राहणे आणि मग कपाळ जमिनीला टेकवून दोन सजदे करणे, एवढ्याने एक रकात पूर्ण होते. पाच वेळच्या फर्ज म्हणजे अनिवार्य रकाती अनुक्रमे दोन, चार, चार, तीन आणि चार, अशा एकूण 17 भरतात. प्रवासात चारच्या दोन होतात. जिचे पठण दिवसातून इतक्या वेळा होते त्या फातिहेचा अर्थ शब्दशः समजून घेणे, हा वाचनाचा पहिला धडा ठेवावा. सातच आयती आहेत: ईश्वराची स्तुती, निवाड्याच्या दिवसाचा उल्लेख आणि सरळ मार्ग दाखवण्याची याचना. हे पठण अरबीतच होते, मात्र जगातील बहुसंख्य मुस्लिमांची मातृभाषा अरबी नाही. सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश इंडोनेशिया आहे, अरबस्तान नव्हे. कोट्यवधी लोक कुराणाची लिपी अस्खलित वाचतात आणि अर्थासाठी स्वतःच्या भाषेतील अनुवाद उघडतात, म्हणून एखाद्या मुस्लिम परिचिताला एखाद्या आयतीचा अर्थ चटकन सांगता आला नाही तर त्याचे आश्चर्य वाटू देऊ नये.

शब्दांच्या बाबतीत एक खुलासा येथेच केलेला बरा. आपण वापरतो ते ‘नमाज’ आणि ‘रोजा’ हे शब्द फारसी आहेत. अरबीत त्यांना ‘सलात’ आणि ‘सौम’ म्हणतात. वाचताना हे चारही शब्द भेटतात आणि नवखा वाचक त्यांना चार वेगळ्या गोष्टी समजून बसतो.

वर्ष

हिजरी, म्हणजे इस्लामी, वर्ष शुद्ध चांद्र आहे. बारा महिने, प्रत्येक 29 किंवा 30 दिवसांचा, मिळून 354 किंवा 355 दिवस. अधिक महिना घालून ते सौर वर्षाशी जुळवून घेतले जात नाही, आणि याचा आधार थेट कुराणाच्या नवव्या सूरेत आहे. त्यामुळे रमजान दरवर्षी 10 ते 11 दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ज्या माणसाने लहानपणी थंडीच्या छोट्या दिवसांत रोजे धरले असतील, त्यालाच पुढे ते उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत धरावे लागतात. महिन्याची सुरुवात चंद्रदर्शनावर अवलंबून असते. चंद्र डोळ्यांनीच दिसायला हवा की खगोलगणित पुरेसे आहे, दूरच्या देशातील चंद्रदर्शन आपल्याला लागू होते की नाही, याविषयी मते वेगवेगळी असल्याने ईद दोन ठिकाणी दोन दिवशी येऊ शकते. मुस्लिम सहकाऱ्याने रजेचा अर्ज करताना ‘या दोनपैकी एक दिवस’ असे लिहिले, तर त्यात चालढकल नसते.

रोजा पहाटे उजाडण्यापूर्वी सुरू होतो आणि सूर्यास्ताला सुटतो. या काळात अन्न, पाणी, धूम्रपान आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. पाण्याचा घोटही चालत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. आजारी आणि प्रवासी व्यक्तींनी रोजे नंतर भरून काढावेत, अशी सूट दुसऱ्या सूरेच्या 185 व्या आयतीत दिली आहे. गर्भवती व स्तनदा स्त्रियांनाही सूट असते, आणि मासिक पाळीत रोजा धरलाच जात नाही. यातून शिष्टाचाराचा एक नियम आपोआप निघतो, तो असा की रमजानमध्ये एखाद्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, ‘आज रोजा का नाही?’ असे चारचौघांत कधीही विचारू नये. रोजा धरणाऱ्यासमोर जेवावे का, हा प्रश्नही पुष्कळांना पडतो. बहुतेक रोजेदारांची त्याला हरकत नसते. त्यापेक्षा सूर्यास्ताच्या वेळेला बैठक न ठेवणे आणि पहाटे उठलेल्या माणसाकडून रात्री उशिरापर्यंतच्या कामाची अपेक्षा न करणे, याचा त्यांना खरा उपयोग होतो.

जकात समजून घेण्यासाठी कागदावर गणित मांडावे. निसाब ही किमान मर्यादा आहे, सुमारे 85 ग्रॅम सोन्याच्या किंवा सुमारे 595 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी. वजनांचे आकडे परंपरेनुसार थोडे बदलतात. जी संपत्ती या मर्यादेच्या वर आहे आणि एक चांद्र वर्ष मालकीत राहिली आहे, त्या बचतीवर अडीच टक्के द्यायचे असतात. एक लाखाच्या बचतीवर अडीच हजार. राहते घर आणि रोजच्या वापराच्या वस्तू यात धरल्या जात नाहीत. आज सोने आणि चांदी यांच्या भावात प्रचंड अंतर पडल्याने निसाब कशावरून मोजायचा, हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहिलेला नाही, कारण चांदी धरली तर बेताच्या मिळकतीची पुष्कळ कुटुंबे देणाऱ्यांमध्ये येतात आणि सोने धरले तर सुटतात. जकात कोणाला द्यावी याचे आठ वर्ग नवव्या सूरेच्या 60 व्या आयतीत दिले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेले आणि वाटसरू हे त्यांपैकी चार. ऐच्छिक दानाला सदका म्हणतात आणि ते वेगळे मोजले जाते.

हज हा वर्षाच्या बाराव्या महिन्यात मक्का व तिच्या परिसरात पार पडतो आणि ज्याला शारीरिक व आर्थिक सामर्थ्य आहे त्यानेच आयुष्यात एकदा तो करायचा असतो. काबागृहाभोवती सात फेरे, सफा व मरवा या टेकड्यांदरम्यान सात खेपा, नवव्या तारखेला अरफातच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंतचे थांबणे, मग मुजदलिफा आणि मिना या ठिकाणचे मुक्काम. यांतील अरफात हुकले तर हजच होत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुढील वाचनाला पुरेसे आहे.

ग्रंथ

आता कुराण उघडावे, पण पहिल्या पानापासून नव्हे. त्यातील 114 सूरा कालक्रमाने लावलेल्या नाहीत. फातिहेनंतर त्या ढोबळमानाने लांबीच्या उतरत्या क्रमाने येतात. पैगंबरांना इ.स. 610 च्या सुमारास मक्केजवळील हिरा गुहेत पहिला संदेश मिळाला, असे परंपरा सांगते, आणि तो संदेश आज 96 व्या सूरेत आहे. 622 साली त्यांनी मदिनेला स्थलांतर केले, त्याला हिजरत म्हणतात आणि हिजरी सन तेथून मोजला जातो. 630 मध्ये मक्का त्यांच्या ताब्यात आली आणि 632 मध्ये मदिनेत त्यांचे निधन झाले. ही चार वर्षे पाठ असली की प्रत्येक सूरा मक्केतील आहे की मदिनेतील, हे पाहण्याला अर्थ येतो. मक्केतील सूरा बहुधा छोट्या, लयबद्ध आणि परलोक व एकेश्वरत्वावर भर देणाऱ्या आहेत, तर मदिनेतील सूरांत समाज उभा राहत असतानाचे विवाह, वारसा, युद्ध आणि तह यांचे नियम येतात.

माझ्या मते वाचनाची सुरुवात शेवटच्या म्हणजे तिसाव्या भागातील छोट्या सूरांनी करावी, मग 12 वी सूरा युसुफ वाचावी. भावांनी विहिरीत टाकलेल्या मुलाची ही कथा 111 आयतींच्या सूरेत सलग सांगितली आहे आणि कुराणात इतकी सलग कथा क्वचितच मिळते. त्यानंतर 19 वी सूरा मरियम घ्यावी. येशूची आई मरियम ही कुराणात नावाने उल्लेखिलेली एकमेव स्त्री आहे. इसा (येशू), मुसा, इब्राहिम (अब्राहम) आणि नूह (नोआ) हे सारे येथे प्रेषित म्हणून भेटतात. एवढे झाल्यावर दुसऱ्या सूरेकडे परतावे. शक्य असल्यास दोन अनुवाद शेजारी ठेवावेत आणि जेथे ते परस्परांपासून दूर जातात तेथे खूण करावी, कारण अरबीतील मूळ शब्दाला एकाहून अधिक अर्थ असण्याची शक्यता तेथेच जास्त असते.

हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या नोंदी. प्रत्येक हदीसीला दोन भाग असतात: कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, म्हणजे सनद, आणि प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे मत्न. साखळीतील प्रत्येक माणूस किती विश्वासू होता आणि त्याची पुढच्याशी खरोखर भेट होऊ शकत होती का, हे तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच तयार झाले आणि त्यानुसार हदीसी सहीह (विश्वसनीय), हसन (चांगली), जईफ (कमकुवत) अशा प्रतींत लावल्या गेल्या. सुन्नी परंपरेत बुखारी (मृत्यू 870) आणि मुस्लिम (मृत्यू 875) या दोन विद्वानांची संकलने सर्वांत प्रमाण मानली जातात. शिया परंपरेची संकलने वेगळी आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या वाक्याखाली ‘हदीस’ एवढाच शब्द असेल आणि संकलनाचे नाव वा क्रमांक नसेल, तर ते वाक्य वहीत उतरवूच नये, मग ते कितीही गोड असो किंवा कितीही संतापजनक.

धर्मशास्त्र आणि पंथ

‘शरियत’ या शब्दाने बिचकून जाण्यापूर्वी त्याला ‘फिक्ह’पासून वेगळे करावे. शरियत म्हणजे ईश्वराने घालून दिलेला मार्ग ही कल्पना; तो मार्ग माणसांनी अभ्यासातून कसा समजून घेतला ते फिक्ह. पहिली कल्पना अचूक मानली जाते, तर दुसरे मानवी असल्याने त्यात मतभेद गृहीतच धरलेले असतात. सुन्नींमध्ये चार विचारपरंपरा टिकल्या: अबू हनीफा (मृत्यू 767), मालिक (795), शाफई (820) आणि अहमद इब्न हंबल (855) यांच्या नावांच्या. शियांमध्ये जाफरी परंपरा प्रमुख आहे. कोणतेही कृत्य या शास्त्रात हलाल आणि हराम अशा दोनच कप्प्यांत टाकले जात नाही. अनिवार्य, इष्ट, मोकळीक असलेले, अप्रिय आणि निषिद्ध असे पाच कप्पे आहेत आणि जगण्यातील बहुतेक गोष्टी मधल्या कप्प्यांत पडतात. फतवा हा विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, दिलेला सल्ला असतो. त्याला न्यायालयाच्या निकालाचे बळ नसते, आणि विचारणारा दुसऱ्या मुफ्तीकडेही जाऊ शकतो. बातम्यांत हा शब्द ‘फर्मान’ या अर्थी वापरला जातो, तो बहुधा चुकीचा असतो.

सुन्नी आणि शिया हा भेद पैगंबरांच्या वारसदारीच्या प्रश्नातून सुरू झाला आणि 680 साली करबला येथे त्यांचे नातू हुसेन मारले गेल्यावर त्याला आजचे खोल भावनिक रूप आले. मोहरमची दहावी तारीख शियांसाठी शोकाची असते. अनेक सुन्नी त्या दिवशी ऐच्छिक रोजा धरतात. अशा दिवशी सरसकट शुभेच्छांचा संदेश धाडण्यापूर्वी समोरची व्यक्ती कोणत्या परंपरेतील आहे, हे माहीत असलेले बरे. शियांमध्ये बारा इमाम (धर्मनेते) मानणारे, इस्माइली आणि जैदी असे गट आहेत. ओमानमधील इबादी या दोन्ही प्रवाहांच्या बाहेरचे. सूफी हा मात्र वेगळा पंथ नसून साधनेचा प्रवाह आहे आणि सुन्नी माणूस सूफी सिलसिल्यातही (गुरुपरंपरेतही) असू शकतो.

माणसे

इथवर आल्यावर पुस्तके बाजूला ठेवून माणसांशी बोलावे आणि येथे प्रश्नाचे शब्द फार महत्त्वाचे ठरतात. ‘तुमच्यात असे का करतात?’ हा प्रश्न समोरच्याला जगभरातील सुमारे दोन अब्ज लोकांचा वकील करून टाकतो. त्याऐवजी ‘तुम्ही हे कसे करता?’ असे विचारले की उत्तर त्या माणसाचे मिळते: आजीने शिकवलेली दुआ, कामाच्या ठिकाणी जुहरसाठी शोधलेला जिन्याखालचा कोपरा, किंवा ‘मी फक्त ईदचा नमाज पढतो’ अशी प्रांजळ कबुली. नमाज न चुकवणारा व्याजाचे कर्ज घेतलेला असू शकतो, आणि डोके न झाकणारी स्त्री सगळे रोजे धरणारी असू शकते. पेहरावाविषयी वाचताना 24 व्या सूरेतील 30 वी आयत आधी वाचावी. ती नजर खाली ठेवण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना देते, स्त्रियांविषयीची आयत त्यानंतर येते. त्यातून डोके किती झाकावे, चेहरा झाकावा का, यांविषयी शास्त्रकारांची मते आणि प्रत्यक्षातील रीती देशोदेशी निराळ्या आहेत.

निकाह हा करार आहे: प्रस्ताव, स्वीकृती, साक्षीदार आणि मेहर. मेहर (ठरलेली रक्कम किंवा वस्तू) नवऱ्याने पत्नीला द्यायचा असतो आणि त्यावर तिचाच हक्क असतो, तिच्या वडिलांचा नव्हे. मृत्यूनंतर देहाला स्नान घालून, साध्या कफनात गुंडाळून, शक्य तितक्या लवकर दफन केले जाते. जनाजाच्या नमाजात रुकू आणि सजदा नसतो, तो सारा उभ्यानेच होतो. अशा वेळी इतर धर्मीयांनी मागे शांतपणे उभे राहिले तरी पुरते.

मशिदीत जायचे असेल तर आधी कळवून जावे, शुक्रवारची दुपार टाळावी, अंग झाकणारे कपडे घालावेत आणि चपला दाराशी काढाव्यात. कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नये, मागून जावे. आत मूर्ती वा चित्र नसते. मक्केची दिशा दाखवणारा कमानीचा कोनाडा म्हणजे मिहराब आणि त्याच्या बाजूचा पायऱ्यांचा मंच म्हणजे शुक्रवारच्या खुतब्यासाठीचा (प्रवचनासाठीचा) मिंबर. मागच्या भिंतीशी बसून एक पूर्ण नमाज पाहावा आणि तोवर वही मिटलेलीच ठेवावी. शेवटी सर्व जण बसल्या जागी आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवून सलाम म्हणतात, तेथे नमाज संपतो. त्यानंतरही काही जण स्वतःची दुआ मागत बसून राहतात. ते उठले, नमाज पढवणारे इमामसाहेब मोकळे झाले, की प्रश्न विचारायला हरकत नसते, आणि पहिला प्रश्न असरच्या वेळेविषयी विचारला तर संभाषण चांगले रंगते, असा माझा अनुभव आहे.